शिवरात्रीच्या आत पोचावं म्हणून

कोलोन, ३ फेब्रुवारी २०२६

बाबा,

सुखरूप पोचले. फोनवर आवाज तुटतो, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो दादाच्या मोबाइलवर टाकते. त्यानं तुम्हाला आणि मायला मोठ्यानं वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये, त्याच्याबद्दलचं असेल तेही.

थंडी काय सांगू. आपल्याकडच्या तिबेटी कॅम्पातून घेतलेला स्वेटर तीन दिवस अंगावरून उतरलेला नाही. सकाळचे आठ वाजले तरी नीट उजाडत नाही. मायनं बळेच दिलेले लोकरीचे मोजे मी नको म्हणत होते, आता तेच घालून झोपते. इथलं प्रसिद्ध मोठं चर्च पाहिलं. दोन उंच मनोरे आहेत.

जेवणाचे मात्र हाल. सकाळी गार पाव, दुपारी गार पाव, त्यात चीज. काल न राहवून दुकानातून तांदूळ आणले आणि खोलीतल्या शेगडीवर भात टाकला. शिजला, पण वासच नाही. आपल्या चिन्नोर तांदळाच्या भातावरचं झाकण काढलं की ओसरीपर्यंत कळतं. मायचं लोणचं नसतं तर मी रडले असते.

जेवण झाल्यावर ओटा पाहिला. तांदळाची पिशवी, दह्याची वाटी, तिच्यावरची चकचकीत पन्नी, टोमॅटोचा डबा, आणि काकडीच्या अंगालाही घट्ट प्लास्टिक. एका बाईचं एक वेळचं जेवण, आणि कचरा दोन हातांत मावेना. मग घरमालकीणबाईंनी शिकवलं: वेष्टणं पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात, भाजीची सालं तपकिरी डब्यात, उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत टाकायच्या, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगवेगळी. तेही रविवारी नाही, आवाजानं शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून. त्या हे सगळं न चुकता करतात, मी डोळ्यांनी पाहिलं.

धानाचे पैसे जमा झाले का ते कळवा. मायचा गुडघा कसा आहे?

६ फेब्रुवारी, गाडीत

बाबा, आज मन फार खट्टू आहे. काल कामासाठी दुसऱ्या एका शहरात गेले होते. ट्राममध्ये माझ्याजवळ तिकीट होतं, पैसे देऊन घेतलेलं. फक्त ते आतल्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तपासनिसानं तिकीट पाहिलं आणि ६० युरो दंड सांगितला. सहा हजारांच्या वर झाले. मी इंग्रजीत समजावलं, तर माझ्याकडे न बघता यंत्रावर बोटं चालवत राहिला. पैशांपेक्षा ते न बघणं लागलं. चार लोकांसमोर चोर ठरल्यासारखं वाटलं. रात्री झोप आली नाही.

त्याच संध्याकाळी स्टेशनवर एक म्हातारा दिसला. अंगात स्वच्छ कोट, हातात बॅटरी. कचऱ्याच्या प्रत्येक डब्यात उजेड टाकून पाहायचा, बाटली दिसली की काढून पिशवीत ठेवायचा. पाण्याची बाटली किंवा कॅन घेतला की इथं २५ सेंट ठेव म्हणून जादा द्यावे लागतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी निघते आणि पैसे परत मिळतात. २००३ पासून चालू आहे. म्हणून इथं रस्त्यावर बाटली पडून राहत नाही. ज्यांना परत न्यायचा कंटाळा येतो, ते ती डब्याच्या आत टाकत नाहीत, बाजूला उभी करून ठेवतात, म्हणजे कुणाला हात घालावा लागू नये. मी माझ्या दोन बाटल्या त्या आजोबांना दिल्या. त्यांनी मान लववली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. दिवसभरात माझ्याकडे बघणारा तो पहिला माणूस.

आपल्याकडे बाटली पडली की भंगारवाली उचलते आणि किलोनं विकते. पण पन्नी कोण उचलतं? तिला ठेवही नाही आणि भावही नाही.

ब्रुसेल्स, ९ फेब्रुवारी

मोठा चौक पाहिला, भोवतीच्या इमारतींवर सोन्याचा मुलामा आहे. पाऊस होता.

दादाचा प्रश्न आला तो वाचला. ‘तिकडे सगळं रिसायकल होतं म्हणतेस, मग प्रतापगडच्या शिवरात्रीच्या यात्रेत आपल्या दुकानात आपण पळसाच्या पत्रावळी सोडून चकचकीत कागदी प्लेटा आणल्या, पाण्याचे पाऊच ठेवले, तर काय बिघडलं? माणसं मिळत नाहीत टाचायला.’ दादा, तुझी अडचण खरी आहे. पण आधी आकडे ऐक. दोन दिवस मी तेच वाचते आहे.

युरोपीय संघाच्या देशांत २०२३ साली माणशी १७७.८ किलो वेष्टणांचा कचरा झाला. आपला सोसायटीत जातो तो धानाचा ४० किलोचा कट्टा घ्या, म्हणजे माणशी जवळजवळ साडेचार कट्टे. त्यात तान्हं बाळही मोजलेलं. नुसतं प्लास्टिक ३५.३ किलो, म्हणजे एक कट्टा भरायला थोडं कमी. त्यातलं रिसायकल झालं १४.८ किलो. अर्ध्याहूनही कमी. पुठ्ठा आणि काच बरीच रिसायकल होते, म्हणून एकूण टक्केवारी चांगली दिसते. या बेल्जियमची तर फारच चांगली, ८० टक्क्यांच्या आसपास, युरोपात अगदी पुढे. रोमानिया आणि माल्टा खूप मागे. वापरातही असाच फरक: २०२२ साली आयर्लंडमध्ये माणशी २३० किलोच्या वर, बल्गेरियात ८० च्या आत. जिथं पैसा जास्त, तिथं वेष्टण जास्त.

२०२२ पेक्षा २०२३ चा आकडा जवळजवळ नऊ किलोनं खाली आला आहे, हे खरं. पण दहा वर्षांपूर्वीच्या मानानं तो अजून वीस किलोहून जास्त वर आहे. या दहा वर्षांत डबे वाढले, यंत्रं वाढली, शाळेत पोरांना रंग शिकवले, आणि कचराही वाढला. रिसायकल करण्याची ताकद वाढत गेली, त्याच्यापुढे वेष्टण धावत राहिलं. म्हणून गेल्या वर्षी यांचा नवा कायदा अस्तित्वात आला. त्यात पहिल्यांदाच वेष्टण मुळात कमी करायचं लिहिलं आहे: २०१८ च्या मानानं २०३० पर्यंत ५ टक्के, २०४० पर्यंत १५ टक्के. ताज्या फळभाज्यांवरची प्लास्टिकची पन्नीही, काही अपवाद सोडून, २०३० ला जायची आहे.

बाबा, तुम्ही दर हंगामात बारदान्यासाठी भांडता. पोतं फाटलं तर माय सुतळीनं शिवते. इथले विद्वान याच गोष्टीसाठी सभा घेत आहेत: वेष्टण परत वापरा. जर्मनीत पेयांच्या बाटल्यांपैकी ७० टक्के धुऊन पुन्हा भरायच्या, असं कायद्यातलं लक्ष्य आहे. प्रत्यक्षात निम्म्यालाही पोचत नाही. मला तुमचं बारदाना झटकून घडी घालणं आठवलं आणि अभिमान वाटला.

उट्रेख्ट, ११ फेब्रुवारी

आज कचरा निवडायचा कारखाना पाहिला. पाय सुजले आहेत, थोडक्यात लिहिते. पट्ट्यावरून कचरा धावतो, वरून डोळ्यांना न दिसणारा उजेड पडतो, यंत्र प्लास्टिकची जात ओळखतं आणि हवेचा फुत्कार मारून त्याला वेगळ्या खणात उडवतं. काळं प्लास्टिक त्याला दिसत नाही, त्यातल्या काजळीनं उजेड गिळला जातो. आणि दोन-तीन जातींचे थर चिकटवलेली पन्नी, म्हणजे चिप्सची, मसाल्याची, तिचं इथंही काही होत नाही. ती जाळून तिच्यावर पाणी तापवतात, वीज करतात.

मी तिथल्या इंजिनिअरबाईंना मोबाइलवर यात्रेनंतरच्या पायऱ्यांचा फोटो दाखवला. तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, पाण्याचे पाऊच, चमकत्या प्लेटा. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. प्लेटेवर बोट ठेवून म्हणाल्या, ही सगळ्यांत वाईट, कागदाला प्लास्टिक चिकटवलेलं, सहज सुटत नाही. मग त्यातल्या एका द्रोणावर बोट ठेवलं. मी सांगितलं, पळसाचं पान आहे, बांबूच्या काडीनं टाचतात, गाय खाते. त्यांनी शेजारच्या माणसाला बोलावून ते दाखवलं.

दादा, ज्या प्लेटेला या एवढ्या कारखान्यात ठिकाण नाही, ती प्रतापगडाच्या पायऱ्यांवर टाकली तर कुठे जाईल? पावसात खाली ओढ्याला. तिथून पुढे धानाच्या बांधीत.

कोलोन, १२ फेब्रुवारी, रात्री

बाबा, आजपासून इथं कार्निव्हल लागला. रस्ताभर लोक, रंगवलेले चेहरे, ढोल. मला यात्राच वाटली. आजपासून तिसऱ्या दिवशी आपल्याकडे ‘हर हर महादेव’ म्हणत माणसं गड चढतील. महादेवाला पाणी घालून तीच माणसं उस्मान गनी हारुनी बाबांच्या दर्ग्यावरही माथा टेकतील. आणि मी नसेन. दहावीनंतर पहिल्यांदाच चुकते आहे.

इथं गर्दीच्या भागात काचेची बाटली घेऊन जाऊच देत नाहीत. लोकांना समजावून झालं, पाट्या लावून झाल्या, शेवटी बंदीच करावी लागली. आपल्याकडेही २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. खर्र्याची पन्नी तरी गावोगाव उडतेच.

म्हणून यंदा आपल्या दुकानापुरतं एवढं करा. उसळ पळसाच्या द्रोणातच द्या. टाचायला माणसं कमी पडतात तर मायच्या गटातल्या बायांना शेकड्याचा भाव वाढवून द्या, माझ्या पगारातून मी पाठवते. पाऊच ठेवू नका. दोन रांजण भरा आणि स्टीलचे पेले ठेवा. ज्याला बाटलीच हवी त्याच्याकडून दहा रुपये जादा घ्या आणि रिकामी आणली की लगेच परत द्या. केदारनाथला २०२२ पासून हे करतात. तोही महादेवच, आणि तिथं तर डोंगर केवढा. पैशांवरून कुणी वाद घातला तर दादानं आवाज चढवू नये, त्या माणसाकडे नीट बघून समजावून सांगावं.

आणि दादा, किती बाटल्या विकल्या, किती परत आल्या, ते वहीत लिहून ठेव. मला आल्यावर पाहायचं आहे.

सोमवारी नागपूरला उतरते. तिथून गोंदिया, आणि पुढे बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनी. मायला म्हणावं, लाखोळीची डाळ आणि चिन्नोरचा भात. बाकी काही नको.

तुमची
धाकटी