मनाचा बंदोबस्त

आईच्या निधनानंतर निद्रा पार उडाली, तेव्हा पहाटे समर्थांचे मनाचे श्लोक आणि गुरुवारी समुपदेशिकेची खोली, असा माझ्या मनाचा दुहेरी बंदोबस्त सुरू झाला. त्या बाई मितभाषी; माझ्या हातातला, आईने काठ शिवलेला रुमाल पाहून, ‘याची घडी कोण घालीत असे?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि कित्येक महिने गोठून राहिलेले अश्रू अनावर झाले. 205 श्लोकांत समर्थांनी मनाला दटावले खरे, परंतु आधी त्याला सज्जन मानले. तेच आर्जव मला त्या प्रश्नात जाणवले. देव्हाऱ्यापुढे बसणाऱ्याने समुपदेशकाचे दार ठोठावले म्हणून त्याची श्रद्धा तसूभरही उणी होत नाही. रुमाल अद्याप धुववत नाही. ज्यांची रात्र सरत नसेल त्यांनी 14416 हा सरकारी टेलिमानसचा विनामूल्य, अष्टौप्रहर चालणारा क्रमांक अवश्य फिरवावा; तेथे मराठीतही बोलता येते.