गंधकाखालचे घर

आवर्तसारणी महाराष्ट्रातील मुलांच्या हाती खऱ्या अर्थाने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून येते, आणि तिच्यावरील प्रश्नही बहुधा ठरलेला असतो: अमुक आवर्तातील, तमुक गणातील मूलद्रव्य ओळखा. आवर्त म्हणजे सारणीतील आडवी ओळ. तिच्या क्रमांकावरून अणूत इलेक्ट्रॉनांची कवचे किती हे कळते. गण म्हणजे उभा स्तंभ. एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात इलेक्ट्रॉनांची संख्या सहसा सारखी असल्यामुळे त्यांचे रासायनिक वागणे एका भावकीतल्या माणसांसारखे मिळतेजुळते असते. चौथे आवर्त, सोळावा गण, इलेक्ट्रॉन संरूपण 2, 8, 18, 6: उत्तर सेलेनिअम, अणुअंक 34. गुण मिळतात आणि वही मिटते. बुलढाणा जिल्ह्यात वाढणाऱ्याच्या आयुष्यात मात्र हा प्रश्न तिथे मिटत नाही, कारण इथले पाणी, माती आणि अलीकडे अन्न हे तिन्ही तो पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत.

पाण्याचा प्रश्न बहुतेकांना शाळेच्या सहलीत लोणारला भेटतो. उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवरात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. ते आटत जाते तसे खडकातून विरघळून आलेले क्षार दाट होत जातात. त्यांपैकी दुसऱ्या गणातील कॅल्शिअमचे कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते तळाशी बसते. पहिल्या गणातील सोडिअमचे कार्बोनेट विरघळते, म्हणून ते पाण्यातच राहते. सारणीत कॅल्शिअमपासून एकच स्तंभ अलीकडे असलेल्या मूलद्रव्याने सरोवराचा सामू 10 च्या आसपास नेऊन ठेवला आहे. या क्षाराचे दल्ला, पापडी, भुस्की असे प्रकार पूर्वापार ओळखले जात आले. त्याची चिमूट तारेच्या टोकावर घेऊन बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरली की ज्योत एकदम गडद पिवळी होते, आणि सोडिअमची ओळख पटण्यास तेवढे पुरते. थोडे पोटॅशिअम असले तर त्याची फिकट जांभळी छटा या पिवळ्यात बुडून जाते आणि निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिल्यावरच दिसते. एकाच गणातील दोघे ज्योतीत असे वेगळे काढता येतात.

मोठेपणी हेच दोन स्तंभ शेतात भेटतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत पसरला आहे. चिकणमातीच्या कणांना दोन प्रभारांचा कॅल्शिअम घट्ट धरून ठेवतो, तर एकाच प्रभाराच्या सोडिअमला ते जमत नाही. त्यामुळे खाऱ्या विहिरीचे पाणी दिलेली काळी जमीन विस्कटते, पाणी मुरू देत नाही आणि वाळली की दगडासारखी होते. अशा जमिनीला जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, देण्याचा सल्ला सोडिअमच्या जागी कॅल्शिअम बसवण्यासाठीच असतो.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न आला तो सोळाव्या गणातून. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर, आणि ‘टक्कल व्हायरस’ असा निराधार शब्दही सर्वत्र पसरला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन गेले. विंचूदंशावरील उपचारासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये आपले निष्कर्ष मांडले: बाधितांच्या रक्तात सेलेनिअम सुमारे 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढले होते, आणि त्यांच्या मते ते रेशनच्या गव्हातून आले होते.

केसच का गळावेत, याचे उत्तर सेलेनिअमच्या जागेत आहे. त्याच्या बरोबर वरच्या घरात गंधक आहे. केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात, त्याचा चिवटपणा गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांवर टिकून असतो. सेलेनिअमचेही बाह्यतम कवच सहा इलेक्ट्रॉनांचे असल्यामुळे शरीराला या दोघांतला फरक नीट ओळखता येत नाही. गंधकाच्या जागी सेलेनिअम जाऊन बसते आणि बंध कमकुवत होतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गव्हाचे रोपही असेच फसते. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागांतील काही जमिनींत सेलेनिअम मुळातच जास्त आहे, आणि तिथे मुळे ते गंधकाच्याच वाटेने आत घेऊन दाण्याच्या प्रथिनात गुंफतात. म्हणूनच असा गहू नुसता धुऊन शुद्ध होत नाही, आणि दिसायला तो इतर गव्हासारखाच असतो.

ही फसगत नवी नाही. स्वीडनच्या बर्झेलिअस यांना 1817 मध्ये गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात हे मूलद्रव्य सापडले, तेव्हा त्यांना ते प्रथम टेल्युरिअम वाटले, म्हणजे त्याच स्तंभातील खालचे घर. शरीराला सेलेनिअम हवेही असते, पण प्रौढाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम पुरतात आणि 400 च्या वर गेल्यास अपाय संभवतो, इतकी ही पट्टी अरुंद आहे. एप्रिल 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील त्याच गावांतून नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या, नखेही केराटिनचीच.

ज्या घरात ज्वारीची जागा रेशनच्या गव्हाने घेतली आहे, त्या घराला तो गहू तपासून घेण्याचे साधन नाही. ते सरकारकडे आहे. म्हणून सेलेनिअमयुक्त जमिनींच्या पट्ट्यातून येणाऱ्या गव्हाची तपासणी स्वस्त धान्य दुकानात पोते उघडण्यापूर्वी, गोदामातच झाली पाहिजे, आणि तिचे आकडे मराठीत गावच्या फलकावर लागले पाहिजेत.