झिरो बघा

परभणीत पेट्रोल महाग, ही आता बातमी राहिलेली नाही. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून तीनशेच्या वर किलोमीटर येतो, त्याचं भाडं लिटरवर चढतं. भाव भडकले की वाहिन्यांना आमचं गाव आठवतं, एरवी नाही.

पंपावरचा पोरगा नोझल लावण्याआधी न चुकता म्हणतो, "काका, झिरो बघा." मी बघतो. पण माझं लक्ष दराच्या आकड्याकडे. 16 जून 2017 पासून तो रोज सकाळी सहाला बदलू लागला. भाव बाजार ठरवणार, असं सांगितलं गेलं. मग 2018 मध्ये कर्नाटकची निवडणूक आली आणि बाजाराला जवळजवळ तीन आठवडे झोप लागली. 12 मेला मतदान, 14 मेला जाग. 2021 मध्ये बंगालचा निकाल 2 मेला, दरवाढ 4 मेला. इतका वक्तशीर बाजार आमच्या मोंढ्यात तरी कुणी पाहिला नसेल.

गोव्यात 2012 मध्ये पर्रीकरांनी आधी आश्वासन दिलं, निवडून आल्यावर व्हॅट जवळपास काढला आणि पेट्रोल सुमारे 11 रुपयांनी उतरलं. पटो न पटो, व्यवहार उघड होता. दर गोठवण्याचं श्रेय मात्र कुणी घेत नाही. त्या दिवसांतला तोटा सरकारी तेल कंपन्यांच्या वहीत, म्हणजे फिरून आपल्याच खात्यावर.

2022 मध्ये विधानसभा निवडणुकांचा निकाल 10 मार्चला होता. 9 तारखेच्या रात्री मीही स्कूटर घेऊन रांगेत. पुढच्याकडे दोन कॅन. माझी टाकी जेमतेम पाच लिटरची. दहा रुपये वाढले तरी वाचणार पन्नास! पण हुशारी करायची हौस. निकाल लागला, गुलाल उधळला, भाव जागचा हलेना. युक्रेनच्या युद्धानं कच्चं तेल तर फेब्रुवारीतच पेटलं होतं. अखेर 22 तारखेला ऐंशीएक पैसे वाढले, तेव्हा माझी स्कूटर रिझर्व्हला लागलेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दहा रुपये चढले. ते सगळे मी भरले.

15 मार्च 2024 ला दर दोन रुपयांनी उतरला. पोरगा खुशीत होता.

"काका, फुल करू?"

"दोनशेचं टाक. आता निकालापर्यंत घाई नाही."

दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या.