थंडीला बोल लावू नका

चि. भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. राईस मिलमधली फोर्कलिफ्ट सकाळी सुरू होत नाही आणि सगळे म्हणतात, थंडीने सिलिंडरातला गॅस गोठतो. गोंदियाचा पारा पौषात ७-८ अंशांवर येतो, कबूल. पण सिलिंडरातल्या एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, आणि ब्यूटेन शून्याच्या आसपास. तुमच्या थंडीत दाब थोडा उतरेल, गॅस अडणार नाही.

आधी सिलिंडर बदलणाऱ्या पोराजवळ उभा राहा. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की आतली सुरक्षेची झडप टक् करून बसते. तिला वाटतं, नळी फुटली. मग दिवसभर सेल मारा, इंजिनला गॅस मिळायचा नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, जरा थांबायचं, मग सावकाश उघडायचा. आडव्या सिलिंडरची खाच खिळ्यात नीट बसली आहे ना, तेही बघ. तो फिरला की आतली नळी द्रव सोडून वर येते, आणि सिलिंडर अर्धा असूनही गाडी उपाशी.

गॅस येतोय, तरी सुरू होत नाही? मग करंट. प्लग ओला की कोरडा, हे पेट्रोलचं निदान इथे चालत नाही. गॅसवर प्लग कोरडाच निघतो. या इंधनाला ठिणगी जोरदार लागते. म्हणून झिजलेला प्लग नि उतरलेली बॅटरी पहिल्यांदा थंडीतच उघडी पडतात, आणि नाव थंडीचं होतं. एअर फिल्टर तर तुमच्याकडे कोंड्याने भरलेलाच असणार. कंपनीचं पुस्तक काही म्हणो, धानाच्या गावात तो आठवड्याला झटकावा.

चालू होऊन लगेच बंद पडली आणि रेग्युलेटरवर पांढरा बर्फ दिसला, तर रेडिएटरचं पाणी बघ. रेग्युलेटरला ऊब इंजिनच्या गरम पाण्याचीच.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. हा गॅस हवेपेक्षा जड. मिलमध्ये तो सरळ एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरून बसतो. वास आला की सेल मारायचा नाही, पंख्याचं बटणही दाबायचं नाही. व्हॉल्व्ह बंद, शटर वर, माणसं बाहेर.

एवढं करूनही अडलीच, तर रेग्युलेटरात तेलकट गाळ साचला असेल. तो तू खोलू नकोस. शनिवारी विदर्भ एक्स्प्रेसने येतो, डायफ्रामचा किट सोबत आणतो.

तुझा मामा