तरंगणारे शब्द, बुडणारे शब्द

पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक आठवण जे. आर. आर. टॉल्किन यांनी सांगून ठेवली आहे. ओला, कळकट तंबू, मटणाच्या चरबीचा वास, दमट कपड्यांत दाटीवाटीने बसलेले सैनिक आणि समोर कसलंसं रटाळ व्याख्यान. एवढ्यात शेजारचा एक लहानखुरा माणूस तंद्रीत स्वतःशीच काहीतरी बोलला. द्वितीया विभक्ती शब्दाच्या मागे नाही, पुढे काहीतरी लावून दाखवायची, असं त्याने ठरवलं होतं आणि तो निर्णय तोंडून निसटला होता. टॉल्किनना लगेच उमगलं, हा आपल्याच जातकुळीतला! हाही मनातल्या मनात एक भाषा रचतो आहे. पण त्या माणसाने पुढे फारसं काही कळू दिलं नाही. त्याची भाषा कशी होती, ती कुठल्या देशातले लोक बोलत, हे कुणालाच कळलं नाही. १९३१ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात टॉल्किननी आपल्या या छंदाविषयी भाषण केलं, ‘एक गुप्त व्यसन’ अशा अर्थाचं नाव देऊन. त्या भाषणात हा सैनिक भेटतो आणि तिथेच हरवतो.

त्याच्याबद्दल मला फार हळहळ वाटते. इतका बारीक विचार केलेली भाषा, आणि तिच्यात त्याला उलट उत्तर देणारं कुणी नव्हतं.

टॉल्किन स्वतः सुरुवातीला एकटे नव्हते. मेरी आणि मार्जरी इंकलडन या त्यांच्या मावसबहिणी. त्यांनी पशुपक्ष्यांच्या नावांचे शब्द घेऊन एक भाषा केली होती, ॲनिमॅलिक. टॉल्किन ती शिकले, पण ती त्यांची नव्हती. पुढे मार्जरीचा त्यातला रस संपला, आणि मेरीसोबत टॉल्किन दुसऱ्या भाषेच्या मागे लागले. तिचं नाव नेव्हबॉश. इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन शब्द मोडून-वाकवून घडवलेली. आपल्याकडे शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘च’ची भाषा बोलतात, तिच्याहून ही एक पायरी पुढची. ‘च’च्या भाषेत आतली मराठी जशीच्या तशी राहते, वर नुसता बुरखा असतो. नेव्हबॉशमध्ये मुलांनी शब्दांच्या अंगालाच हात घातला होता. कुठला आवाज कुठल्या वस्तूला शोभतो, यावर दोघांचं एकमत व्हावं लागत होतं. माझ्या मते टॉल्किनच्या पुढच्या सगळ्या भाषांचं मूळ या एकमताच्या खटपटीत आहे.

हे मी अभ्यासक म्हणून सांगत नाही. मी आणि माझी मावसबहीण कित्येक वर्षं एक देश आणि त्याची भाषा रचत आलो आहोत.

आमचा देश अलिबागच्या किनाऱ्यावर सुरू झाला. मावशीचं घर तिथे. ओहोटी लागली की किनाऱ्यावरून चालत कुलाबा किल्ल्यात जाता येतं, आणि भरतीच्या आधी परत निघावं लागतं. नाहीतर होडीची वाट बघायची. मघाशी ज्या वाळूवरून चालत आलो तिथे आता गलबत हाकारता येईल, ही गोष्ट लहानपणी आम्हाला किल्ल्याच्या इतिहासापेक्षा जास्त थरारक वाटे. त्यातून एक प्रदेश तयार झाला. त्याची निम्मी जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. तिथल्या लोकांची शेतं खाजणात, बाजार वाळूवर, आणि शेजाऱ्याकडे जायचं तर आधी पाण्याला विचारायचं. असे लोक मराठी बोलणार नाहीत, हे माझ्या बहिणीने फार लवकर ओळखलं. ‘काल’ आणि ‘उद्या’ त्यांच्या काय कामाचे? त्यांना भरतीत घडलेलं आणि ओहोटीत घडलेलं, असा फरक लागेल. उधाणाच्या दिवसांतलं वेगळं, भांगाच्या दिवसांतलं वेगळं. अशा रीतीने क्रियापदाचे काळ पाण्यावर ठरले.

लिंगावरून मात्र आमचं मोठं भांडण झालं. मला मराठीसारखी तीन लिंगं हवी होती. तो समुद्र, ती नदी, ते पाणी, या मनमानीत मला एक श्रीमंती वाटते. तिला एकही नको होतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये ड्यिर्बल नावाची भाषा आहे. तिच्यात नामांचे चार वर्ग आहेत, आणि बायका, आग, पाणी ही सगळी एकाच वर्गात बसतात. मी हे तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “ताई, मग आपल्याकडे दोनच. तरंगणारं आणि बुडणारं.”

मी गप्प झाले. त्या देशात वाढलेलं मूल जगाची वाटणी याच दोन ढिगांत करील, हे इतकं उघड होतं आणि मला ते कधीच सुचलं नसतं. तरंगणाऱ्या वस्तूंची नावं स्वरात संपतील, बुडणाऱ्यांची व्यंजनावर आपटून थांबतील, एवढं मी त्यात घातलं. होडी म्हणजे ‘ओमी’, नांगर म्हणजे ‘दर्ग्’. नारळ, कावळा, आवाज, नाव, बातमी, ही सगळी तरंगणारी. दगड, भात, कर्ज, शपथ, ही बुडणारी. शपथ बुडणारीच हवी, यावर दोघी ठाम होतो. ती तळाशी जाऊन बसल्याशिवाय तिला अर्थ नाही.

मग अवघड शब्द आले. झोप? मी म्हटलं तरंगते. ती म्हणाली, “तुझी तरंगत असेल. मी दवाखान्यातून येते आणि दगडासारखी जाते.” ती परिचारिका आहे, रात्रपाळ्या करते. शेवटी दुपारची डुलकी एका वर्गात गेली आणि रात्रीची झोप दुसऱ्या, आणि त्यांचे शब्दही वेगळे झाले. पण मला आतून हलवलं ते बुडालेल्या माणसाने. व्याकरणाच्या सरळ नियमाने तो बुडणाऱ्यांत जायचा. तिने साफ नकार दिला. त्या लोकांमध्ये समुद्रात गेलेल्या माणसाचं नाव कधीच बुडणाऱ्या वर्गात घालत नाहीत, असं तिने ठरवलं. घरातले लोक त्याच्या नावाला एक जादा स्वर लावतात आणि तो स्वर पुढे पिढ्यान्पिढ्या नावासोबत राहतो. एका ओळीच्या या नियमाने आमच्या देशात दुःख आलं, वंशावळी आल्या, गाणी आली. मी एकटी असते तर बुडालेला माणूस निमूट बुडाला असता.

कल्पित भाषा दोघांनी रचण्याचं सगळं मोल मला यात दिसतं. कामाची वाटणी होते, शब्दसंख्या वाढते, हे सगळं खरं, पण ते दुय्यम आहे. दुसरं माणूस तुमच्या भाषेत असं काही बोलतं, जे त्या भाषेच्या नियमांत चोख बसतं आणि तरीही तुमच्या मनात आलेलं नसतं. त्या घटकेपासून ती भाषा तुमच्या डोक्याबाहेर राहायला जाते. टॉल्किनच्या क्वेन्याबद्दल मला अपार प्रेम आहे, तिच्याइतकी नादमधुर कल्पित भाषा माझ्या ऐकण्यात नाही. पण १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ती बदलत राहिले. प्रत्यय बदलले, सर्वनामं बदलली, धातूंच्या व्युत्पत्त्या पुन्हा पुन्हा लिहिल्या. एकट्याच्या भाषेत काहीही पक्कं होण्याची गरज नसते. माझी बहीण मात्र मला एखादा शब्द सहज बदलू देत नाही. “मी तो वापरलाय,” म्हणते, आणि विषय तिथेच संपतो.

या जोडकामात एक भीतीही असते. दुसरं माणूस सोडून गेलं तर?

ती भीती समजून घ्यायला यॉर्कशरमधल्या हॉवर्थच्या घरात जावं लागतं. १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटी यांनी मुलासाठी लाकडी शिपायांचा खेळ आणला. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चौघा भावंडांनी ते शिपाई वाटून घेतले, त्यांना नावं दिली आणि त्यांच्यासाठी राज्यं वसवली. बोटभर उंचीच्या वह्यांत त्या राज्यांचे इतिहास लिहिले. पुढे शार्लट शाळेला बाहेरगावी गेली तेव्हा धाकट्या दोघी वेगळ्या झाल्या आणि त्यांनी गोंडाल नावाचं बेट काढलं, उत्तर प्रशांत महासागरात. त्यांनी पूर्ण भाषा रचली नाही, पण नावं रचली. घरात गोल्डस्मिथच्या भूगोलाचं पुस्तक होतं, त्यात जगातल्या गावांची यादी होती. त्या यादीत ॲनने आपल्या अक्षरात गोंडालमधली ठिकाणं भरली. खऱ्या शहरांच्या शेजारी, त्याच थाटात, त्याच गांभीर्याने. मला ते पान फार प्रिय आहे.

१८४५ च्या जूनअखेरीस एमिली आणि ॲन दोघीच यॉर्कच्या प्रवासाला गेल्या. दोघींनी पंचविशी गाठलेली. सगळ्या वाटेत त्या गोंडालमधली माणसं होऊन बोलत होत्या. महिन्याभराने, एमिलीच्या वाढदिवसाच्या सुमारास, दोघींनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आपापली रोजनिशीची पानं लिहिली. एमिलीने लिहिलं आहे की गोंडालची मंडळी पूर्वीसारखीच झळकताहेत. ॲनने लिहिलं आहे की गोंडालचा खेळ आता तितकासा नीट चालत नाही. एकाच घरात, एकाच आठवड्यात. एमिली १८४८ च्या डिसेंबरात गेली, ॲन पुढच्या मे महिन्यात. गोंडालचा गद्य इतिहास त्यांनी वर्षानुवर्षं लिहिला होता, तो आज शिल्लक नाही. कविता आहेत आणि नावं आहेत.

माझी बहीणही मध्यंतरी थांबली. लग्न, मूल, नोकरी. निरोप येत, पण देशाबद्दल काही नसे. त्या काळात मी एकटीने बरेच शब्द केले, देखणे आणि नियमात बसणारे. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी जरा थबकतं, त्या क्षणाला आम्ही फार पूर्वी ‘सेला’ म्हटलं होतं. मी त्याची रूपं चालवली, त्यावरून विशेषणं काढली. मग एकदा मी तिच्याकडे राहायला गेले. सकाळी तिची मुलगी दुधासाठी घाई करत होती आणि ती गॅसजवळून म्हणाली, “सेला, सेला.” थांब, होतंच आहे, अशा अर्थाने. मुलगी थांबली! त्या घरात हा शब्द रोजचा होता. लिफ्टची वाट बघताना, सिग्नलला, पेढ्याचा खोका उघडण्याआधी. मुलीला तो कुठल्या देशातला आहे हेही ठाऊक नव्हतं. मी काढलेली विशेषणं आम्ही नंतर सोडून दिली आणि तो दुधाचा अर्थ वहीत नोंदवला, पहिल्या अर्थाच्या खाली.

मोठमोठ्या कल्पित भाषांतही खरं काम असंच झालेलं दिसतं. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी जेम्स डूहन या नटाने क्लिंगॉन लोकांच्या तोंडी काही घशातले आवाज बसवले. १९८४ च्या चित्रपटासाठी भाषावैज्ञानिक मार्क ओक्रंड आले, तेव्हा त्यांनी ते आवाज पायाला घेतले. चित्रीकरणात नट चुकले की ओक्रंड बऱ्याचदा नियमच वळवून घेत. १९९१ च्या चित्रपटात हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताचा आरंभ क्लिंगॉनमध्ये हवा होता आणि त्या भाषेत ‘असणे’ हे क्रियापदच नव्हतं. ओक्रंडनी ‘जगणे’ वापरून पाहिलं. क्रिस्टोफर प्लमरना त्याचा उच्चार बोटचेपा वाटला, म्हणून ‘टिकून राहणे’ अशा अर्थाचं दुसरं रूप आलं आणि तेच राहिलं. ‘अवतार’मधल्या नावी भाषेसाठी जेम्स कॅमरननी तीसेक शब्द केले होते. पॉल फ्रॉमरनी त्यांवर व्याकरण उभारलं, आणि २००९ मध्ये चित्रपट आल्यावर ती शिकणारे लोक नवे शब्द सुचवू लागले. त्यांतले कितीतरी फ्रॉमरनी स्वीकारले. आपल्याकडे ‘बाहुबली’तल्या कालकेयांची किलिकी भाषा मदन कार्की यांनी रचली. प्रभाकर या नटाने ती अशा त्वेषाने उच्चारली की ती भाषा आठवताच त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. कागदावरच्या भाषेला दुसऱ्याचं तोंड लागतं, दुसऱ्याचे दात आणि दुसऱ्याचा हट्ट.

त्या तंबूतल्या सैनिकाकडे नक्कीच सुंदर काहीतरी होतं. अशी माणसं आजही खूप असतील. नकाशे काढणारी, राजांची नावं जमवणारी, मागच्या पानावर लिपीची अक्षरं गिरवणारी. हा पोरकटपणा समजला जाईल म्हणून ती वही लपवतात. तुमच्याकडे अशी वही असेल तर ती एका माणसाला द्या, भावंडाला, मैत्रिणीला, कुणालाही. नुसती वाचायला नव्हे, हातात पेन देऊन. आणि त्याने एखादा लाडका शब्द खोडला, तर निदान तो का खोडला हे त्याला त्या भाषेतच विचारा.