पंधरा गुणांची नोंद

ताप उतरल्यावर अंगात एक मऊ थकवा उरतो. घाई जमतच नाही. मुरबाडच्या घरी, पावसाच्या आवाजात, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या रोजनिशा वाचत बसले आहे.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांची वाटणी ठरलेली आहे. अभिरूप न्यायालयाला 30, खटल्यांच्या निरीक्षणाला 30, पक्षकारांच्या मुलाखती आणि पूर्वतयारीला 30, तोंडी परीक्षेला 10. मुलाखती-पूर्वतयारीच्या 30 मधले 15 मुलाखतींच्या नोंदींना. मला ही वाटणी आवडते. पाठांतराला तिथे फारशी जागा नाही.

एका मुलीने वकिलाकडे आलेल्या ठाकर आजीबद्दल लिहिलंय. आजीच्या हातात वनखात्याची दंडाची जुनी पावती, घडीवर विरलेली. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जंगलात नांगर घातला म्हणून भरलेला दंडच आता तो ताबा सांगणार! मुलीने त्या कायद्याच्या नियमावलीतला नियम 13 शोधून काढलाय: घालून ठेवलेले बांध, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, हेही पुरावेच.

पण एक वाक्य मला पुढे जाऊ देत नाही. ‘आजी बोलताना थांबली, तेव्हा मीही पेन खाली ठेवलं.’ पक्षकाराचं ऐकणं याहून वेगळं काय असतं? त्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे?

ती पावती सारखी डोळ्यांपुढे येते. कुणी जपली असेल इतकी वर्षं, आणि कशासाठी?

पेन्सिलीने 14 लिहिलेत. समासात विचारलंय, ग्रामसभेचा ठराव झाला का?