एकाला तरी माहीत हवं

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातून तीस गोळ्यांची बाटली हातात पडली की पुष्कळ जण आधी तिच्यावरचं लेबल खरवडून काढतात. गोळ्या खडखडू नयेत म्हणून कुणी आत कापूस कोंबतं. काही बायका तर त्या सगळ्या ओतून साध्या डबीत भरतात आणि ती डबी साड्यांच्या घड्यांत खोल सरकवून ठेवतात. इगतपुरी-घोटीकडच्या पावसाळ्यात हे बरं नाही. बाटलीत ओल शोषून घेणारी बारकी पुडी असते. तिच्यापासून वेगळी झालेली गोळी दमट होते, तिचा कस उतरतो. म्हणून समुपदेशनात सांगावं लागतं, ‘लेबल काढायचं तर काढा, पण गोळ्या बाटलीतच राहू द्या.’

एचआयव्हीसह जगणाऱ्यांशी बोलण्याचं काम करताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. आज या माणसांना विषाणूपेक्षा लपवालपवी जास्त थकवते. जी माणसं वर्षानुवर्षं तब्येत राखून, कामधंदा सांभाळून, मुलं मोठी करत जगताना दिसतात, त्यांच्यात बहुधा एक साम्य असतं: त्यांच्या आयुष्यात निदान एका माणसाला सगळं माहीत असतं.

औषधांची बाजू आता भक्कम आहे. भारतात पहिलं निदान १९८६ मध्ये चेन्नईत झालं, तेव्हा हातात काहीच नव्हतं. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार जगात आला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि जगभरातलं गणित बदललं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्या काळातल्या स्टॅव्हुडिन या औषधाने जीव वाचवले, पण बऱ्याच जणांचे गाल बसले, हातापायांची चरबी झडली. जगले खरे, पण चेहऱ्यावरून गाव ओळखू लागलं. पुढे ते औषध मागे पडलं. आता टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात. दिवसातून एकदा घ्यायची, बस्स. २०१७ पासून रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी कमी होण्याची वाटही पाहावी लागत नाही. निदान झालं की उपचार सुरू.

नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडत नाही. तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही कुणाला धीर देण्यासाठी केलेली बतावणी नव्हे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा जो मोठा अभ्यास २०११ मध्ये गाजला, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. लवकर उपचार दिल्यास जोडीदाराचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, असं त्यातून दिसलं. युरोपातल्या १४ देशांत ८८८ जोडप्यांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. या जोडप्यांत एक जण बाधित आणि उपचाराखाली, दुसरा निगेटिव्ह. निरोधशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले आणि विषाणू आटोक्यात असलेल्या जोडीदाराकडून झालेल्या संसर्गाची संख्या निघाली शून्य. हे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून सांगितलं की कित्येकदा दोघंही आधी गप्प होतात. मग बायको विचारते, ‘म्हणजे मूल होऊ शकतं?’ होऊ शकतं. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईची गोळी वेळेत सुरू झाली आणि बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध दिलं, तर ते पाच टक्क्यांच्याही खाली येतं. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्याला होते, अखेरचा निर्वाळा अठराव्या महिन्यात मिळतो.

मग गोळ्या चुकतात कुठे? नाशिक जिल्ह्यात याचं उत्तर शेतात आणि रस्त्यावर सापडतं. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. बागेवरच्या एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं असतात, तिथे रोज ठरल्या वेळी गोळी गिळायची तर चार डोळे बघतात. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ड्रायव्हरच्या खेपेला आठ दिवसांचे बारा होतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी बदलली की झोपेबरोबर गोळीची वेळही सरकते. आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे लग्नकार्य. नातेवाइकांच्या घरी चार दिवस मुक्काम, बॅग सगळ्यांत मिळून ठेवलेली, पाहुण्यांच्या पोरांनी ती उघडलेली. ‘विसरलो’ असं सांगणाऱ्यांतले बरेच जण विसरलेले नसतात, त्यांना आडोसा मिळालेला नसतो.

अशा वेळी माहीत असलेलं ते एक माणूस कामाला येतं. ते नवरा किंवा बायकोच असायला हवं असं नाही. जोडीदाराची तपासणी व्हायलाच हवी, त्याला ते कळण्याचा हक्क आहे. पण रोजचा आधार अनेकदा दुसरीकडूनच मिळतो. कुणाची थोरली बहीण असते, कुणाची भावजय, एखाद्याचा ट्रकवरचा जोडीदारही असतो. निवड घाईने करू नये. निदान झालं त्याच रात्री दारूच्या नाहीतर रडण्याच्या भरात सांगितलेलं पुढे फार महागात पडतं. ज्याने आजवर दुसऱ्या कुणाचं गुपित पोटात ठेवलं आहे, त्यालाच सांगावं, हा माझा सल्ला. घरात असं कुणीच नसेल, तर याच वाटेवरून गेलेल्यांकडे जावं. राज्यात बाधितांचं स्वतःचं एनएमपी प्लस हे संघटन आहे, नाशिकमध्ये यश फाउंडेशन काम करतं. दहा वर्षं गोळी घेऊन धडधाकट असलेली बाई समोर बसली, की नव्या माणसाला माझ्या तासाभराच्या बोलण्याने मिळत नाही तेवढा धीर पाच मिनिटांत मिळतो.

गुपित राखूनही लढता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयातल्या १९९७ च्या एका खटल्याने दाखवून दिलं. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात रोजंदारीवर राबणाऱ्या कामगाराला तो पॉझिटिव्ह निघाला म्हणून काम नाकारलं गेलं. तो कोर्टात गेला. नाव उघड झालं तर जिंकूनही हरलो, ही त्याची भीती कोर्टाने समजून घेतली आणि त्याला ‘एमएक्स’ या नावाने लढू दिलं. काम करण्याची क्षमता असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. त्या काळी मोफत औषध सात वर्षं दूर होतं, तरीही हा माणूस आपल्या हजेरीसाठी भांडत होता. मला या सगळ्या इतिहासात त्याच्याइतका आदर फार थोड्यांविषयी वाटतो.

पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाची माहिती फोडता येत नाही. शंभर किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. सातपूरच्या किती कामगारांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मुलांच्या बाबतीत महाराष्ट्राने दोन्ही टोकं पाहिली आहेत. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभारलं. पुढे ती मुलं गावच्या शाळेत बसतात म्हणून इतर पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी ‘पालवी’त अशाच मुलांना घर दिलं. आज जन्मतः बाधित असलेली कितीतरी मुलं विशी ओलांडून गेली आहेत. त्यांचा प्रश्न वेगळाच. आपण रोज गोळी का घेतो, हे त्यांना बरेचदा फार उशिरा कळतं. ‘रक्त वाढायची गोळी आहे’ असं आजी सांगत असते, आणि चौदाव्या वर्षी मूल मोबाइलवर औषधाचं नाव टाकून स्वतःच सगळं वाचतं. सहाव्या-सातव्या वर्षापासून थोडं थोडं सांगत जावं आणि बाराव्या वर्षापर्यंत पूर्ण सांगून टाकावं. आईबापांना हे जड जातं, कारण पोराच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वतःबद्दल द्यावं लागतं.

सरकारी मदतीतही गुपित फुटण्याची हीच अडचण आडवी येते. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवासाचीही सोय आहे. पण अर्जासोबत आजाराचा दाखला जोडावा लागतो, उत्पन्नाच्या कागदासाठी तलाठ्याकडे जावं लागतं आणि एसटीत ओळखपत्र दाखवायचं ते भरल्या गाडीत, आपल्याच गावच्या माणसांदेखत. म्हणून कित्येक विधवा बाया हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात आणि खिशातून तिकीट काढून औषधाला येतात. या योजनांचे अर्ज एआरटी केंद्रातच भरून घ्यावेत, आजाराचं नाव न लिहिता केवळ सांकेतिक क्रमांकाने तहसीलदारांकडे पाठवावेत आणि एसटीच्या कार्डावर आजाराचा उल्लेख नसावा. याला नवा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.